झॉम्बीपटांतील जिवंत माणसे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात भयपटांविषयी लिहिताना, समाजावर सर्वांत थेट बोट ठेवणारा भयपटाचा प्रकार म्हणजे झॉम्बीपट, अर्थात उठून चालू लागलेल्या प्रेतांचे चित्रपट, असे विधान मी केले होते. त्या विधानाला दुजोरा देणारी, त्याला हरकत घेणारी आणि त्याचा खुलासा मागणारी अनेक पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपले विधान मला मान्य नाही. नातवाच्या आग्रहाखातर मी जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिला. त्याचा नायक कृष्णवर्णीय असल्याने समीक्षक त्यात वंशभेदावरील टीका शोधतात. परंतु त्या नटाची चाचणी सर्वांत चांगली झाली म्हणून त्याला घेतले, असे स्वतः दिग्दर्शकानेच सांगितल्याचे माझ्या वाचनात आले. मग हा अर्थ समीक्षकांनी मागाहून चिकटवलेला नाही काय?
— निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. नायक बेनच्या भूमिकेसाठी ड्वेन जोन्स यांची निवड केवळ अभिनयाच्या बळावर झाली, हे रोमेरो यांनी वारंवार सांगितले होते आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या काही मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलर एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर, पेनसिल्व्हेनियातील ग्रामीण भागात जाऊन हा कृष्णधवल चित्रपट केला. मूळ संहितेतील बेन हा रांगड्या बोलीचा ट्रकचालक होता. जोन्स यांनी त्याची भाषा बदलली आणि त्याला शांत, विचारी, स्वतःचा आब राखणारा माणूस केले. बेनच्या वर्णाचा उल्लेख चित्रपटातील एकही पात्र करत नाही, हेही खरे आहे.

मात्र कलाकृतीचा अर्थ केवळ कर्त्याच्या हेतूत सापडत नाही. पडद्यावर काय घडते आणि पाहणाऱ्याने त्यापूर्वी काय पाहिलेले आहे, या दोन्हींतून तो तयार होतो. आपण शेवट पुन्हा आठवून पाहावा. रात्रभर एकट्याच्या हिमतीवर लढलेला बेन सकाळी तळघरातून वर येतो आणि खिडकीपाशी उभा राहतो. बाहेर बंदुका आणि कुत्रे घेऊन निघालेली गोऱ्या माणसांची टोळी झॉम्बींचा निःपात करत फिरते आहे. त्यांना खिडकीत एक आकृती दिसते, एकजण नेम धरतो आणि बेन कपाळावर गोळी लागून कोसळतो. त्यानंतर येतात ती हलती दृश्ये नव्हेत, तर वर्तमानपत्रात छापल्यासारखी भासणारी भरड, स्थिर छायाचित्रे : आकड्यांनी ओढला जाणारा देह, भोवती उभे असलेले लोक आणि शेवटी पेटवलेला ढीग. १९६३ साली अमेरिकेतील बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीय निदर्शकांवर सोडलेले पोलिसांचे कुत्रे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिले होते, जमावाने ठार केलेल्या कृष्णवर्णीयांभोवती गोऱ्या लोकांनी उभे राहून काढून घेतलेली छायाचित्रे ज्यांना ठाऊक होती, त्या अमेरिकन प्रेक्षकाला हा शेवट कसा दिसला असेल? मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. तयार झालेला चित्रपट मोटारीत घालून वितरकांना दाखवण्यासाठी न्यूयॉर्कला जात असताना ही बातमी आपण रेडिओवर ऐकली, असे रोमेरो सांगत असत. ऑक्टोबरमध्ये तो पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या शेवटाचा अर्थ समजावून सांगण्यासाठी समीक्षकाची गरज उरली नव्हती.

माझ्या दृष्टीने याहूनही मोलाची गोष्ट चित्रपटाच्या मध्यभागी आहे. घरात अडकलेल्या सात माणसांत बेन आणि हॅरी कूपर यांचा वाद सतत धुमसत राहतो. तळघरात न जाता घराच्या तळमजल्यावरच दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून तग धरावा, असे बेनचे म्हणणे. तळघराचे दार आतून बंद करून बसावे, असे हॅरीचे. बाहेर पडून गाडीत इंधन भरण्याचा बेत फसतो आणि बेन जीव घेऊन परततो, तेव्हा हॅरी त्याला दार उघडत नाही. ते बेनला लाथा घालून फोडावे लागते. आपली सहानुभूती अर्थातच बेनकडे जाते. तरीही बेन शेवटी वाचतो तो तळघरातच, म्हणजे हॅरीने सुचवलेल्या जागी. दोघांपैकी एकाचीच बाजू पूर्णपणे बरोबर आहे, असे चित्रपट सांगत नाही. आपसांत बोलता न आल्यामुळे, एकमेकांवर विश्वास ठेवता न आल्यामुळे ही माणसे मेली, एवढे तो दाखवतो. मृत तर अतिशय मंद गतीने चालतात. कोणत्याही सावध समूहाला त्यांच्यापासून बचाव करता आला असता. समाजभाष्य मी म्हणतो ते इथे आहे आणि ते कोणीही बाहेरून चिकटवलेले नाही.

प्रश्न : झॉम्बीची कल्पना हैती या देशातून आली, असे एका व्याख्यानात ऐकले. पण तेथील मूळ कल्पनेत माणसे खाणारी प्रेते नव्हती, असेही वक्त्यांनी सांगितले. मग ती कल्पना काय होती आणि चित्रपटांनी तिचे काय केले?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : वक्त्यांनी सांगितले ते बरोबर आहे. सें-दोमँग या नावाने हैती ही फ्रान्सची वसाहत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जगातील साखरेच्या उत्पादनात ती अग्रभागी होती आणि ती साखर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या सुमारे पाच लाख गुलामांच्या श्रमांतून निघत होती. उसाच्या मळ्यांवर माणसे इतक्या झपाट्याने मरत की, नवी जहाजे सतत आणावी लागत. १७९१ साली गुलामांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. या इतिहासातून आलेल्या लोकसमजुतीतला झॉम्बी हा हल्ला करणारा प्राणी नाही. मांत्रिकाने थडग्यातून उठवलेला, इच्छा आणि स्मृती हरपलेला, दुसऱ्यासाठी राबत राहणारा तो माणूस आहे. लोक झॉम्बीला घाबरत नसत. आपणच झॉम्बी होऊ, याची त्यांना भीती वाटे. मरण आले की तरी सुटका होईल, हा गुलामाचा अखेरचा आधार असतो, आणि तोही काढून घेतला जाईल, असे ती समजूत सांगते. यापेक्षा भयंकर कल्पना मला तरी ठाऊक नाही.

अमेरिकेपर्यंत ही कल्पना पोहोचली ती लष्करी ताब्याच्या काळात. १९१५ ते १९३४ अशी एकोणीस वर्षे अमेरिकेचे सैन्य हैतीत होते आणि रस्ते बांधण्यासाठी त्या काळात तेथील शेतकऱ्यांना सक्तीने वेठीला धरले गेले. विल्यम सीब्रुक यांचे हैतीवरील प्रवासवर्णन १९२९ साली प्रसिद्ध होऊन खूप गाजले, आणि १९३२ साली ‘व्हाइट झॉम्बी’ हा बेला लुगोसी यांची भूमिका असलेला चित्रपट आला. त्यातील साखर कारखान्याचा प्रसंग आजही अंगावर येतो. झॉम्बी मजूर चरक फिरवत आहेत, त्यांच्यातील एकजण तोल जाऊन यंत्रात पडतो आणि बाकीचे क्षणभरही न थांबता फिरवत राहतात. एवढ्या प्रसंगापुरता हा चित्रपट हैतीच्या इतिहासाशी प्रामाणिक आहे. पुढे मात्र त्याचे सारे लक्ष एका गोऱ्या तरुणीला झॉम्बी केले जाण्यावर एकवटते. ज्यांची ही भीती मुळात होती, ते पार्श्वभूमीला ढकलले जातात आणि बाहेर चालू असलेल्या अमेरिकेच्या लष्करी अमलाचा त्यात मागमूसही नाही.

याला अपवाद म्हणून जाक तुर्नर यांचा १९४३ सालचा ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’ आवर्जून पाहावा, असे मी आपल्याला सुचवीन. कॅरिबियन बेटावरील एका ऊसमळेवाल्याच्या घरी नर्स म्हणून आलेली तरुणी घोडागाडीतून चालली आहे. इथल्या लोकांचे पूर्वज साखळदंडांत बांधून जहाजातून कसे आणले गेले, हे गाडीवान तिला सांगतो. पण आणले ते किती सुंदर ठिकाणी, असे ती सहजपणे बोलून जाते, आणि तो अत्यंत अदबीने, तुम्ही म्हणता तर तसे, एवढेच उत्तर देतो. साऱ्या संभाषणाला मिनिटभरही लागत नाही. तरी गुलामगिरीची स्मृती कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे त्यात पुरते सांगून झालेले आहे.

पुढे रोमेरो यांनी मांत्रिक काढून टाकला, मळा काढून टाकला आणि राबणाऱ्या देहाच्या जागी खाणारा देह आणला. त्यांच्या पहिल्या चित्रपटात तर झॉम्बी हा शब्दही उच्चारला जात नाही. श्रमिकाचा ग्राहक झाला, असे या बदलाचे वर्णन करता येईल, आणि पुढील पत्र नेमके त्याविषयीच आहे.

प्रश्न : रोमेरो यांच्याच ‘डॉन ऑफ द डेड’मधील मॉलची कल्पना मला फार ढोबळ वाटते. प्रेतांसारखी खरेदी करणारी माणसे हे रूपक एकदा कळले की संपते. शिवाय दिग्दर्शकाला स्वतःलाच मॉलमधली मौज दाखवण्यात रस आहे, असे दिसते.
— वाचक, पुणे

उत्तर : आपण म्हणता ते रूपक ढोबळ आहे खरे, पण चित्रपट तेवढ्यावर थांबत नाही. पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल येथील मॉल १९६९ साली सुरू झाला होता. त्याच्या व्यवस्थापनातील परिचितांनी रोमेरो यांना तो फिरवून दाखवला आणि तेथे त्यांना कथा सुचली. दुकाने बंद झाल्यावर रात्रभर चित्रीकरण करायचे आणि सकाळी ग्राहक येण्यापूर्वी सारे आवरायचे, असा क्रम होता. नाताळची सजावट लागली तेव्हा तर काम थांबवावे लागले. १९७८ साली पूर्ण झालेल्या या चित्रपटात मृत माणसे मॉलकडे का येतात, या प्रश्नाला एक पात्र उत्तर देते की, ही त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची जागा होती आणि तेवढी आठवण शिल्लक आहे. आपल्याला ढोबळ वाटते ते बहुधा हेच वाक्य.

परंतु मॉलमध्ये लपलेल्या चार जिवंत माणसांकडे पाहावे. दारे ट्रक लावून बंद केली, आतले मृत नाहीसे केले आणि सारा मॉल त्यांचा झाला. फरचे कोट, घड्याळे, बँकेतील नोटा, सगळे फुकट. काही दिवस मजा येते आणि त्यानंतर जी उदासी पसरते, ती या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. दिग्दर्शक मौज दाखवतो, हा आपला आक्षेप मला गुणाचा वाटतो. प्रेक्षकाला त्या मौजेची चव दिल्याशिवाय तिचा विटका शेवट त्याला जाणवला नसता. त्या चौघांतील फ्रॅन ही एकटीच वेळेत ओळखते की, हा झगमगाटही एक तुरुंगच आहे. उलट त्यांच्यातल्याच स्टीफनची गत पाहा. मोटारसायकलस्वारांची टोळी मॉल लुटायला येते, तेव्हा लपून राहिले असते तर वाचले असते. पण हे आमचे आहे, आम्ही मिळवले आहे, या भावनेने स्टीफन गोळी झाडतो. ज्या वस्तूंचा त्याला आता काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी तो मरतो. मेल्यावर झॉम्बी होऊन उठतो आणि त्यांनी खोटी भिंत उभारून लपवलेल्या जिन्याकडे मृतांचा जमाव घेऊन जातो, कारण ती वाट त्याच्या स्मरणात राहिली आहे. मृतांविषयी आधी उच्चारलेले ते ढोबळ वाक्य अशा रीतीने एका माणसाच्या बाबतीत पुरेपूर खरे ठरते.

मॉलमुळे लोक या चित्रपटाचा पहिला अर्धा तास विसरतात, याचे मला वाईट वाटते. फिलाडेल्फियातील एका गरीब वस्तीच्या इमारतीवर पोलिसांची सशस्त्र तुकडी धाड घालते, कारण तेथील कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन रहिवाशांनी आपले मृत सरकारच्या स्वाधीन करण्यास नकार दिलेला असतो. तुकडीतला एक शिपाई मृत कोण आणि जिवंत कोण, हे न पाहता दारे फोडून गोळ्या घालत सुटतो. त्याच्या मनात साठलेल्या वंशद्वेषाला संधी मिळालेली असते. १९६८च्या चित्रपटात बेनच्या बाबतीत जे एका नेमात घडले, तेच येथे एका अख्ख्या इमारतीच्या बाबतीत घडते, आणि या वेळी तो योगायोग नाही. २००४ सालच्या पुनर्निर्मितीत मृत धावू लागले, चित्रपट वेगवान झाला. पण हा पूर्वार्ध गेला आणि मॉल केवळ नेपथ्य म्हणून उरला.

प्रश्न : ‘ट्रेन टू बुसान’ आम्ही घरी सर्वांनी पाहिला आणि शेवटी सर्वांचेच डोळे ओलावले. यात सामाजिक भाष्य आहे की केवळ बाप-लेकीची भावुक गोष्ट आहे?
— गृहिणी, ठाणे

उत्तर : दोन्ही आहे, आणि एक दुसऱ्यापासून वेगळे काढता येत नाही, हेच येऑन सांग-हो यांच्या या २०१६ सालच्या कोरियन चित्रपटाचे बळ आहे. झॉम्बींचा संसर्ग पसरलेल्या रेल्वेगाडीत, गुंतवणूक निधीचा व्यवस्थापक असलेला बाप मुलीला शिकवतो की, अशा वेळी फक्त स्वतःचे पाहायचे. मुलगी मात्र आपली जागा एका वृद्धेला देते. बाप लष्करातील ओळख वापरून फोनवर फक्त स्वतःची आणि मुलीची वेगळी सोय लावतो आणि ते बोलणे एक बेघर माणूस ऐकतो. ज्या कंपनीतून हा संसर्ग पसरला, तिला आपल्याच निधीने सावरले होते, हेही त्याला नंतर कळते. बापाचा बदल मुलीच्या प्रेमाने होतो, पण तो बदल होतो ते त्याच्या व्यवसायाने त्याला शिकवलेल्या गोष्टीपासून.

कोरियन प्रेक्षकाला यात आणखी काही दिसले. १६ एप्रिल २०१४ रोजी सेवोल ही फेरीबोट बुडाली आणि ३०४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य एकाच शाळेचे विद्यार्थी होते. जागेवरच थांबा, अशा सूचना त्यांना ध्वनिक्षेपकावरून मिळत राहिल्या आणि कप्तान मात्र आधी बाहेर पडला. पुढच्या वर्षी मर्स या श्वसनरोगाच्या साथीत ३८ माणसे दगावली आणि बाधित रुग्णालयांची नावे सरकारने सुरुवातीला दडवून ठेवली. या जखमा ताज्या असताना पडद्यावर दूरचित्रवाणीवरून सांगितले जाते की, परिस्थिती नियंत्रणात आहे, ही केवळ दंगल आहे. शाळकरी मुले डब्यात अडकली आहेत आणि एका वाहतूक कंपनीचा बडा अधिकारी स्वतःला वाचवण्यासाठी एकेकाला मृतांच्या तोंडी देत चालला आहे. एक कोटी दहा लाखांहून अधिक तिकिटे त्या देशात खपली, ती केवळ थरारासाठी नव्हेत, असे मला ठामपणे वाटते.

आपण पुन्हा पाहाल तेव्हा पंधराव्या डब्याच्या दाराचा प्रसंग लक्षपूर्वक पाहावा. झॉम्बींनी भरलेले डबे ओलांडून मूठभर माणसे सुरक्षित डब्यापाशी पोहोचतात आणि आतले सहप्रवासी दार धरून ठेवतात. त्या विलंबात माणसे मरतात. आत आलेल्यांनाही, तुम्हाला लागण झाली असेल, असे म्हणून हाकलले जाते. त्यानंतर आपली बहीण बाहेर मेलेली पाहणारी वृद्धा जे करते, ते भयपटात क्वचितच दिसणारे आहे : ती दार उघडते आणि मृतांना आत येऊ देते. तिला खलनायिका ठरवणे मला शक्य झालेले नाही.

शेवटी बोगद्याच्या तोंडाशी सैनिक नेम धरून उभे आहेत, अंधारातून दोन आकृती येत आहेत आणि त्या जिवंत की मृत, हे दुरून ठरत नाही. गोळी झाडण्याचा हुकूम येतो. बेनच्या खिडकीसमोरची हीच परिस्थिती होती. येथे मुलगी गात असते, ते गाणे ऐकू येते आणि बंदूक खाली होते. ओळखण्यापूर्वी ऐकून घेतले, एवढाच या दोन शेवटांमधला फरक आहे. आपल्या घरच्यांचे डोळे ओलावले, त्याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

प्रश्न : मराठीत आणि एकूण भारतात या प्रकारात काही दखल घेण्याजोगे झाले आहे काय?
— वाचक, बेळगाव

उत्तर : थोडे झाले आहे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २०२२ साली प्रदर्शित झाला. डोंबिवलीतील टोलेजंग गृहसंकुल, त्याला लागून असलेली वस्ती आणि दोघांमधला पाण्याचा प्रश्न, ही त्याची चौकट मला अस्सल वाटते. कुंपणाच्या एका बाजूला टँकर आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या हंड्यांची रांग, हे दृश्य मुंबईभोवतीच्या उपनगरांत राहणाऱ्या कोणालाही नवे नाही. विनोदाच्या ओघात या चौकटीची धार मधूनमधून बोथट होते, असे माझे मत आहे. तरी संकट आल्यावर कुंपण कोणासाठी उघडायचे, हा प्रश्न मराठी पडद्यावर या रीतीने विचारला गेला, याचे मोल मानले पाहिजे. त्याआधी २०२० साली आलेल्या ‘बेताल’ या हिंदी वेबमालिकेत, महामार्गासाठी आदिवासी गाव उठवायला निघालेल्या सशस्त्र दलाची गाठ ईस्ट इंडिया कंपनीच्या मृत सैनिकांशी पडते. जमीन बळकावणाऱ्या जुन्या आणि नव्या सत्तेला समोरासमोर आणण्याची ही कल्पना तिच्या मांडणीपेक्षा कितीतरी सरस होती. गोव्यात घडणारा २०१३ सालचा ‘गो गोवा गॉन’ हसवतो, पण समाजभाष्याच्या दृष्टीने त्यात फारसे नाही.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला हे चित्रपट दाखवावेत काय आणि कोणत्या क्रमाने?
— पालक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सर्वच दाखवू नयेत. ‘डॉन ऑफ द डेड’मधील रक्तपात आणि अवयवांची चिरफाड या वयाला साजेशी नाही, तो चार-पाच वर्षांनी पाहिला तरी काही बिघडत नाही. १९४३ सालच्या तुर्नर यांच्या चित्रपटाने आरंभ करावा. त्यात रक्त जवळजवळ नाही, आणि उसाच्या शेतातून चालत जाण्याचा लांबलचक प्रसंग केवळ सावल्या आणि वाऱ्याच्या आवाजावर भीती निर्माण करतो. पाहण्यापूर्वी हैतीच्या उठावाविषयी मुलाशी थोडे बोललात, तर चित्रपटातील गप्प माणसांकडे त्याचे लक्ष जाईल. त्यानंतर ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहावा, पण त्याला एकट्याने पाहू देऊ नये, कारण मुलीने आईला मारण्याचा त्यातील प्रसंग फार कठोर आहे. प्रदर्शनाच्या सुमारास नाव बदलताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची सूचना पडद्यावरून गळली आणि त्यामुळे अमेरिकेत तो चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. म्हणूनच तो आज आंतरजालावर विनामूल्य आणि उघडपणे पाहायला मिळतो. मात्र अशा अनेक प्रती धूसर आणि कापलेल्या आहेत. अलीकडे मूळ निगेटिव्हवरून पुनरुज्जीवित केलेली प्रत मिळाली तर तीच पाहावी, कारण शेवटच्या छायाचित्रांतील माणसांचे चेहरे तिच्यात स्पष्ट दिसतात.